ड्रिल बिटला घरीच धार लावायची, तर काय घ्यावं?

खान्देशात घरी अवजारं बाळगणाऱ्यांना तोटा नाही. भुसावळच्या रेल्वे कारखान्यातून किंवा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले फिटर आहेत, आयटीआय करून शेती सांभाळणारे तरुण आहेत, रावेर-यावलकडे ठिबकची दुरुस्ती स्वतःच करणारे केळी बागायतदार आहेत, धुळ्यात घरामागे वेल्डिंग मशिन ठेवून गेट-ग्रिलची कामं घेणारे आहेत. यांच्या शेडमध्ये एक डबा हमखास सापडतो, बोथट झालेल्या ड्रिल बिटांचा. टाकून द्यायचा जीव होत नाही आणि वापरायला गेलं तर लोखंड कापलं जाण्याऐवजी नुसता धूर निघतो. अशात मोबाइलवर धार लावणाऱ्या छोट्या यंत्राची जाहिरात येते आणि माणूस विचारतो, घेऊ का?

माझं मत आधीच सांगतो. बहुतेक घरांना ते यंत्र लागत नाही. त्यांना लागतो एक बरा बेंच ग्राइंडर, टोकाचा कोन तपासायचं एक ड्रिल गेज, हवी तर ग्राइंडरजवळ बसवायची एक जिग, आणि थोडा सराव. पण प्रत्येकाचं काम सारखं नसतं, म्हणून हे कशावरून ठरवायचं ते नीट पाहू.

आधी तो डबा फरशीवर ओता आणि बिटं निवडा. ४ मिमीच्या आतली बारीक बिटं बाजूला काढा. त्यांची धार डोळ्यांना दिसतही नाही, आणि नवं बिट इतकं स्वस्त मिळतं की त्यांच्यासाठी यंत्र घेणं परवडत नाही. काँक्रीट-विटांची, टोकाला वेगळ्या धातूचा तुकडा बसवलेली बिटं दुसरीकडे. लाकडाची, मधोमध अणकुची असलेली तिसरीकडे. त्यांना बारीक कानशीच लागते, घरगुती यंत्रं त्यांच्या कामाची नाहीत. उरली ती ५ ते १३ मिमीची, दांड्यावर एचएसएस (हाय स्पीड स्टील) असा शिक्का असलेली लोखंडाची बिटं. निर्णय याच ढिगावर व्हायला हवा. हा ढीग लहान असेल आणि ड्रिल मशिन सणासुदीलाच बाहेर निघत असेल, तर काहीही विकत घेऊ नका. जळगाव एमआयडीसीत, धुळ्याला अवधानकडे, चाळीसगाव-अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावीही लेथवाला असतो. बिटं त्याच्याकडे न्या आणि तो कशी धार लावतो ते शेजारी उभं राहून बघा. तेवढं बघणंही शिक्षण आहे.

ढीग मोठा असेल, तर तो मोठा का झाला हे आधी शोधा. बिटं कापून कापून झिजतात त्याहून जास्त वेगामुळे जळतात. घरचं साधं हातातलं ड्रिल मशिन पूर्ण दाबलं की मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे फिरतं. साध्या लोखंडासाठी एचएसएसच्या बिटाला कडेचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास मानवतो. हिशेब केला तर ३ मिमीच्या बिटाला साधारण २,६५०, ६ मिमीला १,३००, १० मिमीला ८०० आणि १२ मिमीला ६५० फेरे होतात. म्हणजे १० मिमीचं बिट पूर्ण वेगात चालवणारा माणूस त्याला तिप्पट पळवतो. कड जळते, मग बिट कापत नाही, घासतं. माणूस आणखी जोर लावतो आणि उरलीसुरली धारही जाते. स्टेनलेस स्टीलला तर याच्या निम्म्याहून कमी वेग हवा, कारण तिथे बिट घासलं की खालचा धातूच आणखी कडक होतो. वेग कमी-जास्त करता येणारं मशिन, सेंटर पंचाचा नीट ठोका आणि थेंब थेंब तेल एवढ्यावर धार लावायचं निम्मं काम वाचतं.

दुसरं कारण आपल्या भागातलंच आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकच्या कमानपाट्याचं भंगार इथे मुबलक. शेतीच्या अवजारांची पाती त्यातूनच बनवली जातात. हे स्प्रिंगचं पोलाद पाणी दिलेलं असतं. त्यात साधं एचएसएस बिट घालणं म्हणजे बिट मारणं. एकतर भोकाच्या जागी पाटा तापवून मऊ करून घ्या, नाहीतर कोबाल्टचं बिट वापरा. एम-३५ असं लिहिलेल्या बिटात सुमारे ५ टक्के कोबाल्ट असतो, त्यामुळे ते तापलं तरी कड टिकवून धरतं. अशा बिटांचं टोक बहुधा १३५ अंशांचं असतं. ही गोष्ट यंत्र निवडताना उपयोगी पडेल.

आता टोकाकडे या. पिळाच्या बिटाचं पेटंट अमेरिकेत स्टीफन मोर्स याने १८६३ मध्ये घेतलं. आज आपण हातात धरतो ते बिट मूळ कल्पनेपासून फार लांब गेलेलं नाही. टोकाला कापणाऱ्या दोन कडा असतात. त्यांच्यामधला कोन नेहमीच्या बिटाला ११८ अंश, म्हणजे अक्षापासून प्रत्येक कड ५९ अंशांवर. प्रत्येक कडेच्या मागची पाठ १० ते १२ अंशांनी खाली उतरलेली असते. हा उतार नसेल तर कडेच्या आधी पाठच लोखंडाला टेकते आणि बिट कितीही दाबलं तरी आत जात नाही. मधोमध एक छोटी आडवी रेघ दिसते, तिला चिझल एज म्हणतात. ती कापत नाही, धातू बाजूला रेटते. ती कडांशी साधारण १२० ते १३५ अंशांत तिरकी दिसली की मागचा उतार बरोबर आला असं समजा.

यात सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दोन्ही कडा सारख्या लांबीच्या आणि सारख्या कोनात असणं. एक कड लांब झाली की टोक मध्यातून सरकतं. टोक पाव मिलिमीटर सरकलं तर भोक जवळपास अर्ध्या मिलिमीटरने मोठं पडू शकतं. गेटच्या बिजागरीला त्याने बिघडत नाही. पण ८ मिमीच्या बोल्टसाठी आटे पाडायचे असतील तर ६.८ मिमीचं भोक लागतं, ते ७.३ झालं की आटे उथळ पडतात आणि बोल्ट कसताना निसटतो. ठिबकच्या सबमेनवर रबरी ग्रोमेट बसवणाऱ्यांनाही हे लगेच पटेल. भोक थोडं मोठं झालं तरी तिथून पाणी झिरपत राहतं आणि दोष ग्रोमेटला दिला जातो. म्हणून कोणतंही यंत्र पाहताना माझा पहिला प्रश्न हाच असतो, हे दोन्ही कडा सारख्या काढतं का? बिट चकचकीत करणारी यंत्रं पुष्कळ आहेत, सारख्या कडा काढणारी कमी.

बाजारात सगळ्यांत जास्त दिसतं ते भोकांच्या चकतीचं प्लास्टिक यंत्र. वर ३ ते १० किंवा १२ मिमीची भोकं, आत लहानसा खडा. बिट घालायचं, फिरवायचं, काढायचं. याचाच भाऊ म्हणजे हातातल्या ड्रिल मशिनवर बसणारी जोडणी. जाहिराती बहुतेक यांच्याच. यात बिट त्या भोकाच्या आधारानेच उभं राहतं. साडेसहा मिमीचं बिट सातच्या भोकात घातलं की ते डुगडुगतं आणि दोन्ही कडा सारख्या होण्याची आशा तिथेच संपते. टोकाचा कोन ठरलेला असतो, १३५चं कोबाल्ट बिट त्यात घातलं तर त्याचं टोकच बदलतं. आतला खडा लवकर खोलगट होतो, त्याला ड्रेसर लावून सरळ करायची सोय बहुधा नसते, आणि नवा खडा मिळेल की नाही हे दुकानदारालाही सांगता येत नाही. मोडलेलं बिट तर यात नकोच. ज्याला फक्त लाकूड, ॲल्युमिनियम आणि पातळ पत्रा यांत भोकं पाडायची आहेत त्याने घेतलं तर हरकत नाही. अँगल-चॅनलचं काम असेल तर पैसे वाचवा.

त्यावरच्या पायरीवर ड्रिल डॉक्टरसारखी यंत्रं आहेत. बिट एका छोट्या चकमध्ये पकडतात, चक नळीत घालून फिरवतात, आत हिऱ्याच्या कणांचं चाक असतं. कोन बदलता येतो आणि वरच्या मॉडेलांत टोक फोडताही येतं, म्हणजे मधली चिझल एज बारीक करून बिट लगेच धरेल असं करता येतं. चांगली गोष्ट आहे. फक्त बिट चकमध्ये पकडताना त्याच्या कडा चकच्या जबड्यांशी नेमक्या जुळवाव्या लागतात. तिथे घाई केली की मागचा उतार चुकतो. हे यंत्र अमेरिकेतलं आहे. पुण्या-मुंबईमार्गे अमेरिकेला गेलेली मुलं खान्देशातल्याही काही घरांतली आहेत आणि सुटीवर येताना ती वडिलांसाठी असं काहीतरी आणतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडचं यंत्र इथे थेट लावलं तर जळेल. आणायचंच असेल तर २२०-२४० व्होल्टचं मॉडेल आणि त्याचं जादा चाक सोबत मागवा.

कॉलेटवाली यंत्रं याहून पक्की. प्रत्येक मापाची कॉलेट, एचएसएससाठी सीबीएनचं (क्युबिक बोरॉन नायट्राइडचं) चाक, कार्बाइडसाठी हिऱ्याचं चाक. बहुतेक यंत्रं १३ मिमीपर्यंतचं बिट घेतात आणि नवशिक्याच्या हातूनही सारखी धार काढतात. ती टूलरूमची वस्तू आहे. चार-पाच शेजाऱ्यांनी किंवा एखाद्या शेतकरी गटाने मिळून घेतली तर शोभेल, एकट्या घरासाठी महाग पडते.

आता मी ज्याच्या बाजूने आहे त्याविषयी. १५० मिमीचा बेंच ग्राइंडर फक्त ड्रिलसाठी नसतो. त्यावर छिन्नी, पंच, स्क्रू ड्रायव्हर, वेल्डिंगची कड, कोयता, कुऱ्हाड असं सगळं पाजवता येतं. तो मिनिटाला सुमारे २,८५० फेरे फिरतो, म्हणजे खड्याच्या कडेचा वेग सेकंदाला २२ मीटर. सोबत बहुधा एक जाडा आणि एक मध्यम खडा येतो. ड्रिलसाठी ६० ग्रिटचा हवा, १० मिमीखालच्या बिटांना ८०चाही चालतो. खड्यावरचा शिक्का वाचायला शिका. ए ६० के ५ व्ही असं लिहिलं असेल तर ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ६० म्हणजे कणांचा आकार, के म्हणजे खड्याची घट्टता, ५ म्हणजे कणांमधली जागा आणि व्ही म्हणजे भाजलेल्या मातीची बांधणी. एचएसएसला ॲल्युमिनियम ऑक्साइडच लागतो; करडा चालतो, पांढरा कमी तापवतो. खडा घेताना व्यास आणि जाडीबरोबर मधल्या भोकाचं मापही सांगा, आणि खड्यावर लिहिलेला कमाल वेग तुमच्या ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त आहे हे तपासा. बसवण्याआधी खडा बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर त्याला तडा आहे. तो बसवू नका, मग तो नवा का असेना.

यासोबत मिळणारी जिग म्हणजे एक ओतीव खाच. बिट त्या खाचेत आडवं पडतं, मागून स्क्रूचा टेकू आणि सगळा भाग एका खुंटीवर झुलतो. कोनाच्या खुणा असतात, त्यांतली ५९ची खूण आपल्या ११८च्या टोकासाठी. टेकू तोच ठेवून बिट अर्धा फेरा फिरवलं की दुसरी कड पहिल्याइतकीच निघते. नवशिक्याला याचा मोठा आधार होतो. जिग बसवायला अर्धा दिवस जातो, कारण खड्यापासूनचं अंतर एकदा नीट जमवावं लागतं. एक सावधगिरी मात्र घ्या. अशा बहुतेक जिगा खड्याच्या बाजूवर घासायला लावतात आणि साधा सरळ खडा बाजूचा दाब सोसण्यासाठी बनवलेला नसतो. म्हणून बिट अगदी हलकं टेकवायचं, जोर नाहीच.

जिगशिवाय हाताने धार लावणं हे खरं कौशल्य. जळगाव-धुळ्याच्या शासकीय आयटीआयमध्ये फिटरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ते गेज हातात देऊन शिकवलं जातं. सरावाला १२ मिमीचं जुनं बिट घ्या, कारण मोठ्या बिटावर चूक दिसते. बिटाची कड आडवी ठेवा, बिट खड्याच्या तोंडाशी ५९ अंशांत धरा, आधी कड टेकवा आणि मग दांडा किंचित खाली सोडत पाठ घासू द्या. मग बिट अर्धा फेरा फिरवा आणि तीच हालचाल पुन्हा करा. पाय जागचे हलवू नका. पाय हलले की कोन बदलतो. प्रत्येक कडेला सारखेच वार द्या. बिट तापलं तर हवेत निवू द्या. एचएसएस सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत आपला कडकपणा टिकवतं, म्हणून थोडं निळं पडल्याने घाबरू नका. पण गरम बिट पाण्यात बुडवलं तर कडेला बारीक तडे जातात. शिक्का नसलेल्या स्वस्त काळ्या बिटांचं उलटं आहे. ती साध्या कार्बन पोलादाची असतात आणि निळी पडली की मऊ होतात.

गेज नसेल तर षटकोनी नट दोन घ्या आणि सपाट बाजू जुळवून शेजारी शेजारी ठेवा. त्यांच्या मधली खाच बरोबर १२० अंशांची असते. बिटाचं टोक त्यात धरून उजेडाकडे बघा. ११८ला हे पुरेसं जवळ आहे. मागचा उतार तपासायला पाठीवर मार्करने रंग द्या आणि हलकंसं भोक पाडा. रंग कडेमागे शाबूत राहिला तर उतार ठीक, पुसला गेला तर पाठ घासते आहे. खरी परीक्षा मात्र लोखंडाच्या तुकड्यात. दोन्ही खाचांतून सारख्या पिळाचा कीस निघाला तर धार जमली. एकाच बाजूने निघाला तर एकच कड राबते आहे. भुगा निघून बिट किंचाळत असेल तर पुन्हा ग्राइंडरकडे चला.

बरेचदा धार लावून बिट आखूड झालं की मधला गाभा जाड होतो आणि चिझल एज लांबते. तेव्हा खड्याच्या कोपऱ्यावर हलक्या हाताने ती दोन्हीकडून बारीक करावी लागते. प्लास्टिकच्या यंत्राला हे करता येत नाही.

काँक्रीटच्या बिटांचं टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं. करडा खडा त्याला घासत नाही, उलट स्वतःच झिजतो. त्याला हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा खडा किंवा हिऱ्याचं चाक लागतं. फार तापवलं तर ज्या जोडाने तो तुकडा बसवलेला असतो तो सुटतो. घरात वर्षाला दोन-तीन अशी बिटं लागत असतील तर नवी घ्या.

वीज हा आपल्याकडचा खास मुद्दा. मळ्यातल्या शेडमध्ये दाब कमी असतो तेव्हा ग्राइंडरची इंडक्शन मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. एप्रिल-मेच्या ४४-४५ अंशांत पत्र्याच्या शेडखाली तर ती आणखी लवकर तापते. दिवा मंद जळत असेल तर ग्राइंडर चालवू नका, सकाळी लवकर काम उरका. तीन पिनांचा प्लग आणि खरं अर्थिंग असल्याशिवाय ग्राइंडर लावू नका.

सुरक्षेबद्दल थोडक्यात पण कळकळीने सांगतो. चष्मा डोळ्यांना लावा, कपाळावर नको. ग्राइंडरचा टेकू आणि खडा यांच्यात ३ मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नका. सुती हातमोजे, लोंबतं उपरणं, साडीचा पदर, मनगटातला धागा खड्यापासून दूर. सुरू करताना पहिला मिनिटभर खड्याच्या रेषेत उभं राहू नका. आणि हातात धरलेल्या अँगल ग्राइंडरवर ड्रिलला धार लावायची सवय असेल तर ती आजच सोडा. मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फिरणारी ती चकती बिट हातातून हिसकावून कुठेही फेकते, आणि त्यावर दोन कडा सारख्या निघणं तर शक्यच नाही.

दुकानात जाताना डब्यातली तीन बोथट बिटं खिशात टाका, एक ६, एक ८ आणि एक १० मिमीचं. विक्रेत्याला तिन्हींना धार लावून दाखवायला सांगा आणि तिथेच लोखंडाच्या पट्टीत भोक पाडून कीस बघा. जो दाखवायला तयार नाही त्याच्याकडून यंत्र घेऊ नका. खडा किंवा चाक वेगळं मिळतं का, आज दुकानात शिल्लक आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि निवड प्लास्टिकचं यंत्र की १५० मिमीचा ग्राइंडर, एवढीच असेल, तर ग्राइंडर घ्या.